दिवे हिरवे, तक्रार 'सोडवली', नेट बंद : सोलापुरातली हेल्पलाईन नेमकी हलते कशानं?

जुळेकर :
मंडळी, जुळे सोलापुरात राहतो, नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. संध्याकाळी सात वाजले की नेट ढेपाळतं. पूर्ण बंद पडत नाही, हेच तर दुखणं आहे. बंद पडलं तर निदान बंद आहे म्हणून सांगता येतं. इथं राउटरचे दिवे सगळे हिरवे, व्हॉट्सॲप जातं, बातम्या उघडतात, पण मीटिंग सुरू झाली की माझा आवाज तुटायला लागतो.

हेल्पलाईनला फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, राउटर बंद करून चालू करा. केलंय म्हटलं तरी "सर, एकदा माझ्यासमोर करा". करतो. मग तिकीट नंबर येतो. मग दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज, की आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, सेवेला किती स्टार द्याल? ना कुणी आलं, ना कुणाचा फोन.

तर विचारायचं असं, की कुणाला काय केल्यावर फरक पडला? कंपन्यांची नावं नकोत. नाव आलं की धागा तिसरीकडेच जातो, आणि तसंही एकच कंपनी सैफुलला चांगली आणि शेळगीला बेकार असते.

शेंगाचटणी :
भावा, मी तर हेल्पलाईनला फोन लावायचंच सोडून दिलो. आमच्या गल्लीत वायर वढणारा जो पोरगा हाय त्याचा नंबर घेतलो. 'लाल दिवा आलाय बे' म्हणून मेसेज टाकतो, तो येतो. लै झालं तर अंधार पडायच्या आत येतो. दिवाळीला त्याला फराळ आन् एक चादर. विषय संपला. ती कॉल सेंटरवाली बाई कुठल्या कुठं बसलेली, तिला कन्ना चौकातला खांब दिसणाराय का?

पेठकरी :
शेंगाचटणी, तो पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला की काय करणार? आमच्याकडं साखर पेठेत हेच झालं. चांगला मुलगा होता, हाकेला यायचा. तो गेला आणि नव्याला आमची वायर कुठल्या डबीतून येते हेही ठाऊक नव्हतं. कंपनीकडं गेलो तर उत्तर मिळालं, "तुमच्या खात्यावर वर्षभरात एकही तक्रार नाही, तुमची लाईन तर उत्तम आहे." सगळ्या तक्रारी त्याच्या व्हॉट्सॲपवर गेल्या होत्या ना! ओळख जरूर ठेवा, पण तिकीटही घ्या.

दुसरं, ओटीपी. माणूस येतो, वर खांबाकडं बघतो, "मशीन दुसऱ्याकडं आहे, उद्या सकाळी करतो, तेवढा ओटीपी सांगा" म्हणतो. ओटीपी दिला की काम झालं अशी नोंद होते. उद्या तो आला नाही तर तुमची तक्रार नवी, तिकीट नवं, आणि पुन्हा राउटर बंद-चालूपासून श्रीगणेशा. नेट चालू होऊन हातात मोबाईलवर दिसल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. वाईटपणा आला तरी चालेल.

हुतात्माबाग :
जुळेकर, तुमच्या लिहिण्यावरून दोन-तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. फोन करण्याआधी त्या घरच्या घरी वेगळ्या काढता आल्या तर पुढचा वाद वाचतो.

आधी वायफाय बाजूला काढा. लॅपटॉपला लॅन केबल लावून संध्याकाळी तोच त्रास होतो का बघा. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण जाड भिंत आली की मान टाकतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांमध्ये तर एका खोलीच्या पुढं जात नाही. २.४ भिंतीतून जातो, पण तिथं गर्दी. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये घरटी एक राउटर, आणि वाटून घ्यायला चॅनेल तीन. ही भांडणं कंपनीच्या माणसाला सोडवता येत नाहीत, आणि खरं तर त्याचं ते कामही नाही.

लॅनवर स्पीड बरोबर ९०-९५ एमबीपीएसला अडकत असेल, प्लॅन २०० चा असूनही, तर केबल बदलून बघा. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली की जोडणी न बोलता १०० वर उतरते. काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात. २०० चा प्लॅन विकून १०० च्या पोर्टचं यंत्र बसवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे.

मग दिवे. 'पॉन' हिरवा आणि स्थिर म्हणजे फायबर वरच्या यंत्रापर्यंत जोडलेला आहे. 'लॉस' लाल लुकलुकतोय म्हणजे घरापर्यंत पुरेसा प्रकाशच पोचत नाही. तिथं राउटर दिवसभर बंद-चालू करत बसलात तरी काही होणार नाही. फोनवर पहिल्याच वाक्यात "लॉस लाल आहे" म्हणा, त्यांची प्रश्नावली बरीच आखडते.

आणि सगळ्यांत कामाचा आकडा म्हणजे ऑप्टिकल पॉवर, फायबरमधून घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, लॉगिन बहुतेक वेळा राउटरच्या खाली चिकटवलेलं असतं. स्टेटसच्या पानावर 'आरएक्स पॉवर' दिसेल, डीबीएममध्ये, आणि आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर झकास. उणे २७ म्हणजे नेहमीच्या यंत्राला प्रकाश जेमतेम वाचता येईल अशी शेवटची पायरी. तीन डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा झाला असं समजा. कनेक्शन घेतलं त्याच दिवशी हा आकडा भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. पुढं उणे २० चा उणे २६ झाला तर मधे कुठंतरी वायर मुडपलीय, जोडात घाण बसलीय किंवा जोडच खराब झालाय. मग "आमच्याकडून सगळं ओके दिसतंय" हे उत्तर चालत नाही.

जुळेकर :
बघितलं. आकडा उणे २१. म्हणजे फायबर चांगला?

हुतात्माबाग :
फायबर चांगला. आता लॅनवरून दोन पिंग लावा, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. एक राउटरला, एक बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. सकाळी एकदा, रात्री आठला एकदा, आणि दोन्हीचे स्क्रीनशॉट ठेवा. राउटरचा पिंग सकाळ-संध्याकाळ एक-दोन मिलिसेकंद असेल आणि बाहेरचा फक्त संध्याकाळी फुगत असेल तर दोष तुमच्या घरात नाही, वर कुठंतरी रस्ता तुंबतोय.

स्पीड टेस्टच्या भरवशावर राहू नका. ती आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात बसलेला असतो. घरातल्या घरात धावून शर्यत जिंकल्यासारखं ते. सर्व्हर बदलून मुंबईतला दुसऱ्या कुणाचा तरी निवडा आणि मग बघा.

शिडीवाला :
सर बरोबर सांगितलेत. मी ह्याच लाईनीत आहे, पूर्व भाग आणि थोडं विडी घरकुलकडं बघतो. कंपनी सांगत नाही, नोकरी हाय.

ओटीपीवर पेठकरी साहेब चिडलेत, त्यांचं चूक नाही. पण आमची बाजू ऐका. तिकीट आमच्या मोबाईलवर पडलं की घड्याळ सुरू. ते संपायच्या आत बंद नाही केलं तर पगारात कापतात. पेट्रोल आमचं, गाडी आमची. स्प्लायसिंग मशीन, म्हणजे तुटलेला फायबर जोडायचं यंत्र, तीन-चार जणांत एक. ते आज अशोक चौकात तर उद्या बाळे भागात. म्हणून पोरं ओटीपी मागतात. तुम्ही देऊ नका. पण पोराला शिव्याबी देऊ नका. "मशीन कधी येणार ते तिकिटात लिही" म्हणा. तसं लिहायची सोय ॲपमध्ये असते, वरच्यांनाबी मग कळतं की मशीन कमी हायत.

आता लाईन का जाते ते सांगतो, कारण फोनवर हे कुणी सांगणार नाही. दिवाळी संपली की उसाच्या ट्रॉल्या सुरू. ट्रॉली वरपर्यंत रचलेली, रस्त्यावरनं आडवी गेलेली वायर त्यात अडकते आन् खांबापासनं उपटून जाते. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड, सगळीकडं तेच. रात्री जाते, सकाळी फोन येतात. मग संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. बाळीवेशीतनं सात नंदीध्वज निघतात, एवढ्या उंच काठ्या, त्यांच्या वाटेत आडवी वायर चालत नाही. मार्गावरच्या वायरी आधीच काढायच्या नाहीतर वर उचलायच्या. ज्याच्या वायरी त्यानं वेळेवर केलं तर ठीक. नाही केलं तर ऐनवेळी कुणीतरी कटर लावतो, आन् फोन आम्हाला. त्या दिवशी त्या रस्त्यांवर गाडी कुठली न्यायला येते, शिडी खांद्यावर टाकून गर्दीतनं चालत जायचं. लोक वाट देतात, म्हणतात "सिद्धेश्वर महाराजांच्या काठ्या जाऊ दे, मग कर की बे निवांत".

मार्च ते मे उन्हाचं. गच्चीवर उघडी पडलेली वायर भाजून भाजून तिचं आवरण तडकतं. डबीत पाली, मुंग्या. खारी तर कुरतडतातच. कुणाच्या घरात वायर दाराच्या फटीत चेंगरलेली असते, कुणी काटकोनात खिळ्याला गुंडाळून ठेवलेली असते, छान दिसावी म्हणून. फायबर काचेचा हाय. जास्त मुडपला की प्रकाश तिथंच गळतो.

रेशमी :
शिडीवाला दादा, एक विचारू? आमच्याकडं घरात इन्व्हर्टर आहे, राउटर त्यावर चालतो. तरी लाईट गेली की नेट जातं. हेल्पलाईनला विचारलं तर म्हणतात तुमचा राउटर बंद झाला असेल. दिवे चालू दिसतात हो!

आणि जाता जाता एक उपयोगी गोष्ट सांगते. आमच्या घरी तेलुगू बोलतात. सासूबाईंनी एकदा हेल्पलाईनवर भाषेच्या यादीतून तेलुगू निवडलं. हिंदीसाठी मी जेवढा वेळ गाणं ऐकत बसायची त्याच्या आत माणूस फोनवर आला, आणि त्यानं "अम्मा, आधी दिव्याचा रंग सांगा" म्हणून शांतपणे सगळं ऐकून घेतलं. घरात कुणाला कन्नड-तेलुगू येत असेल तर वापरून बघा. आपल्या सोलापुरात तसाही प्रत्येकाला दोन-तीन भाषांत भांडता येतं.

शिडीवाला :
ताई, तुमच्याकडं दोन प्रकार असू शकतात. एक खरा पॉन. त्यात वरच्या यंत्रापासनं तुमच्या घरापर्यंत मधे कुठंबी लाईट लागत नाही. खांबावरच्या डबीत स्प्लिटर असतो, तो नुसती काच, एका वायरीचा प्रकाश आठ-सोळा-बत्तीस घरांत वाटतो. त्यात लाईट गेली आन् नेट गेलं तर वरच्या यंत्राची बॅटरी मेलीय.

दुसरा प्रकार स्वस्तातला. फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आणायचा, तिथं कुणाच्या तरी घरात नाहीतर दुकानात स्विचची पेटी लावायची, आन् पुढं साधी लॅन वायर घरोघरी. त्या पेटीला लाईट लागते. घरात येणारी वायर बघा. बारीक, काळी-पांढरी, आत तार दिसत नाही ती फायबर. जाड, टोकाला टेलिफोनसारखी पण मोठी पिन, ती लॅन. तुमच्याकडं खांबावरनं सरळ लॅन येत असेल तर पेटी गल्लीतच कुठंतरी हाय.

एका गल्लीत रोज रात्री दहाला नेट जायचं आन् सकाळी आठला यायचं. तिकिटावर तिकीट. पेटी होती किराणा दुकानात. दुकानदार शटर ओढताना मेन स्विच पाडायचा. तो कशाला चालू ठेवील, बिल त्याचं येतं. त्याला महिन्याचं फुकट कनेक्शन दिलं, तेव्हा स्विच वर राहिला.

रेशमी :
लॅनच आहे. आणि पेटी कुठं आहे तेही आता समजलं. आमच्या खालच्या शिलाईच्या कारखान्यात. युनिफॉर्मचं काम चालतं तिथं, रविवारी सुट्टी. रविवारी नेट का जातं हे कोडं इतके दिवस सुटत नव्हतं.

टॉवेलवाला :
अक्कलकोट रोड एमआयडीसीतून लिहितोय. घरचं कनेक्शन आणि धंद्याचं कनेक्शन यात लोक गल्लत करतात. आम्हालाही बाहेरच्या खरेदीदाराला डिझाईनच्या मोठ्या फायली पाठवाव्या लागतात. घरगुती प्लॅनच्या जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा. अपलोड किती ते विचारा, आणि लेखी घ्या.

दुसरी अडचण सीसीटीव्हीची. कारखान्याचे कॅमेरे घरून दिसत नाहीत म्हणून तक्रार केली. सपोर्टवाला कॅमेऱ्याकडं बोट दाखवतो, कॅमेरेवाला नेटकडं. शेवटी ओळखीच्या एका मुलानं राउटरमधला बाहेरचा आयपी बघितला, तो १००.६४ नं सुरू होत होता. म्हणजे तो पत्ता आमचा एकट्याचा नव्हताच. कंपनी बऱ्याच ग्राहकांना एका पत्त्यामागं बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवलेला आहे. बाहेरून थेट आत यायला वाट नाही. उपाय दोन, एकतर पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा कायमचा पत्ता, घ्यायचा, नाहीतर कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउडवरून बघायचं. यात बिघाड काहीच नव्हता, पण हे एक वाक्य सांगायला हेल्पलाईनवर कुणाला येत नव्हतं.

आणि खोदाई. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं नाव आलं तेव्हापासून रस्ता उकरलेला नाही असं वर्ष आठवत नाही. पाण्याची पाइपलाईन, ड्रेनेज, केबल, प्रत्येकाचा जेसीबी वेगळा. २०२३ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आणलं. खोदणाऱ्यानं आधी त्यावर कळवायचं, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या वायरी-नळ आहेत त्यांना खबर जाते. कल्पना चांगली आहे. आमच्या दारात खोदणाऱ्या जेसीबीवाल्याला विचारलं तर त्यानं ॲपऐवजी मुकादमाचा नंबर दिला.

कडक_भाकरी :
एवढा अभ्यास कशाला? नाही पटलं तर कनेक्शन बदला. पैसे मोजतो आपण.

पेठकरी :
बदललं. नवीन कंपनीचा माणूस कनेक्शन द्यायला आला, तो जुनाच. शर्ट बदलला होता. वायरही तीच वापरली.

शिडीवाला :
खरं हाय. बऱ्याच भागांत वायर लोकल केबलवाल्याची असते. तो एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांचं काम बघतो. बदलायच्या आधी एवढंच विचारा की वायर कुठल्या खांबावरनं येणार. तोच खांब, तीच डबी असेल तर नुसतं बिल बदलेल.

कडक_भाकरी :
बरं, मग पूर्ण वर्षाचे पैसे एकदम भरू नका एवढं तरी ऐका. 'बारा महिने भरा, दोन फुकट' म्हणून आमच्या मेव्हण्यानं भरले. त्यानंतर त्याचा फोन कुणी उचलेना. महिन्याच्या गिऱ्हाईकाला निदान दर महिन्याला एकदा तरी विचारतात. आणि एक फाइव्ह जीचं सिमकार्ड हाताशी असू दे. घरून काम करणाऱ्यानं एका वायरीवर पोट ठेवू नये.

भुईकोट :
नियमांचं थोडं सांगतो, कारण "ट्रायकडं जाईन" अशी धमकी सगळे देतात आणि तिथंच घोळ होतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ती नियम करते. तक्रारीची वाट २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण नियमांत आहे. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथं डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळालाच पाहिजे. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर दुसरी पायरी त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. अपील अधिकाऱ्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाईटवर असतो, बहुतेक वेळा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात.

जुळेकरांसारख्या केसमध्ये हे अपील खरोखर कामाला येतं, कारण फोनवरच्या माणसाला तिकीट बंद करण्यापलीकडं अधिकार नसतो. अपिलाची फाईल मात्र कुणाच्या तरी नावावर पडून राहते, आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

बंद काळाच्या भरपाईचं : २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत स्पष्ट होतं. बिघाड तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त आणि सातपर्यंत राहिला तर ७ दिवसांचं भाडं परत, सात ते पंधरा असेल तर १५ दिवसांचं, आणि त्याहून जास्त असेल तर महिन्याचं. गर्दीच्या वेळी वरची लिंक ८० टक्क्यांहून जास्त भरू नये, हेही मानक त्यात होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या नियमांच्या जागी सेवा गुणवत्तेची नवी एकत्रित नियमावली लागू आहे, त्यामुळं पत्रात उल्लेख २०२४ च्या नियमावलीचा करा. जुना आकडा लिहिलात तर "ते रद्द झालं" एवढ्यावर तुमची बोळवण होते.

एवढं करूनही नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचारच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कंपन्यांचे वकील सांगायचे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालतात असा निकाल दिलाय.

शेंगाचटणी :
भुईकोट साहेब, चारशे-पाचशेच्या बिलासाठी आयोगात जाणार कोण? एक दिवसाची मजुरी बुडते.

भुईकोट :
जायला लागू नये म्हणूनच कागद करायचा. ईमेलमध्ये डॉकेट नंबर, तारखा, स्क्रीनशॉट आणि शेवटी "अपील प्राधिकरणाकडे पाठवत आहे" एवढं एक वाक्य. माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणं तिथंच मिटली. शिवीगाळ असलेली पत्रं मात्र कुणी पुढं सरकवत नाही.

कंबरतलाव :
एक धोक्याची सूचना. गूगलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर नंबर सोलापूर' असं शोधू नका. आमच्या नात्यातल्या एका काकांनी शोधलं, वरचा नंबर लावला. पलीकडचा माणूस अतिशय सभ्य, मराठीत बोलणारा. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती! त्यानं स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावलं, "लाईन रिसेट करायला दहा रुपये भरा" म्हणाला, आणि पैसे भरताना टाकलेला पिन बघून खातं साफ केलं. नंबर फक्त बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला घ्या. खरा माणूस तुमच्या मोबाईलची स्क्रीन मागत नाही. आणि असं कुणाच्या बाबतीत झालंच तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन. जितका लवकर कराल तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

जुळेकर :
अपडेट देतो. हुतात्माबाग यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. राउटरचा पिंग दिवसभर एक मिलिसेकंद. बाहेरचा सकाळी तीसच्या आसपास, रात्री आठनंतर तीनशेच्या वर, आणि मधूनमधून डेटाची पाकिटं गळतात. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर निवडला की स्पीड पूर्ण दिसतो, मुंबईतला दुसरा निवडला की निम्माही नाही.

हे सगळं ईमेलनं पाठवलं, अपिलाच्या उल्लेखासकट. या वेळी फोन कॉल सेंटरचा नव्हता, इथल्याच ऑफिसमधल्या एका इंजिनिअरचा होता. तो माणूस मोकळेपणानं बोलला. आमच्या भागात मागच्या वर्षभरात कनेक्शनं भरमसाट वाढली, वर जाणारी लिंक तेवढीच राहिली. सामना असला किंवा शनिवार-रविवार असला की ती भरते. त्यानं मला दुसऱ्या पोर्टवर टाकलं. मीटिंगा आता बऱ्या चालतात. सामन्याच्या रात्री अजून अडखळतं. भाडं परत मागितलं तर "लाईन बंद नव्हती" म्हणाले. त्यावर अपील चालू ठेवलंय.

हुतात्माबाग :
ऑफिसच्या जाळ्यात शिरायला व्हीपीएन वापरता का? वापरत असाल आणि व्हीपीएन लावल्यावरच काही साईट अर्धवट उघडत असतील तर राउटरमधला एमटीयू बघा, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त केवढं असू शकतं तो आकडा. पीपीपीओई लाईनवर, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडल्या जाणाऱ्या लाईनवर, तो १४९२ असतो, व्हीपीएनचं वेष्टण चढलं की त्यात मावत नाही. १४०० करून बघा. हे हेल्पलाईनला विचारू नका, उगाच परत राउटर बंद-चालू करायला लावतील.

जुळेकर :
१४०० केलं. ऑफिसचं पोर्टल जे अर्ध्यावर थांबायचं ते लगेच उघडलं. हा वेगळाच दोष होता तर, आणि मी तोही संध्याकाळच्या खात्यात टाकत होतो.

शेंगाचटणी :
शिडीवाला भाऊ, लाईट गेल्यावर राउटर चालवायला ते छोटं यूपीएस घेऊ का? इन्व्हर्टर परवडत नाही.

शिडीवाला :
घ्या की. राउटरच्या ॲडाप्टरवर लिहिलेलं बघून घ्या, बरेच १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. अँपिअर कमी पडायला नको. पण आधी बघा, शेजारच्या इन्व्हर्टरवाल्याचं नेट लाईट गेल्यावर चालतंय का. त्याचं बंद पडत असेल तर तुमचं यूपीएस नुसता दिवा लावेल.

नवीपेठ_जुनीवायर :
वाचून लगेच राउटरमध्ये बघितलं. आरएक्स पॉवर उणे २७.९. दिवसातून अनेकदा नेट जातं-येतं. कनेक्शन घेतल्यापासून असंच आहे, माणूस येतो आणि "लाईन ओके" म्हणून जातो. परवा एकानं नवीन राउटरचे पैसे भरावे लागतील म्हणून सांगितलं. राउटरच्या मागच्या बाजूचा फोटो टाकलाय.

शिडीवाला :
पैसे देऊ नका. फोटोत बघा, राउटरचं भोक हिरवं आन् त्यात घातलेली पिन निळी. हिरव्या पिनेचं, म्हणजे एपीसीचं, तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. एकमेकांत बसतात, पण मधे फट राहते आन् प्रकाश सांडतो. बसवणाऱ्यानं हाताला लागली ती पिन लावलीय. तिकिटात असं लिहा : 'आरएक्स उणे २७.९, राउटरला हिरवा पोर्ट, पिन निळी, एपीसी पिन लावून द्यावी.' येणारा पिन खिशात घेऊनच येईल. बदलल्यावर त्याच्यासमोर आकडा परत बघा, उणे २४ च्या आत आला तरच ओटीपी सांगा.